साधी गाठ

गोठा धुताना बादली कलंडली आणि गार पाणी सुंदराच्या उजव्या पायावरून वाहत गेलं. तिने गव्हाणीचा कठडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि कळ जायची वाट बघत उभी राहिली. अंगठ्याच्या नखाखालून निघालेली कळ घोट्यातून पोटरीत चढली. म्हैस मान वळवून तिच्याकडे बघत होती. ओट्यावर दात घासत बसलेल्या कोंडाजीनेही बघितलं, चूळ टाकली आणि म्हणाला, "झालं हिचं सुरू."

कळ ओसरल्यावर सुंदराने खराटा उचलला आणि उरलेला गोठा धुतला, उजवा पाय नुसत्या टाचेवर टेकवून.

कडावच्या त्या घरात हे आता कोणाला नवं नव्हतं. काही वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत ते सुरू झालं. चिखलात उभी असताना अंगठ्यात काहीतरी टोचल्यासारखं झालं. काटा असेल म्हणून शेजारच्या विमलबाईने सुईने नखाची कड उकरून बघितली. काटा नव्हता. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. थंडीत दुखणं वाढलं तेव्हा कर्जतला जाऊन एक्स-रे काढला, तर हाडं स्वच्छ निघाली. एकाने युरिक अॅसिड सांगून तिची डाळ बंद केली. दुसऱ्याने साखर तपासली, ती निघाली नाही. आणखी एकाने नख आत वाढलंय म्हणून अंगठा बधिर केला आणि नखच उपटून काढलं. नख परत आलं, जरा वाकडं. दुखणं मधल्या काळात कुठे गेलंच नव्हतं.

शेवटी एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने तिला बाहेर बसवलं आणि तिच्या मुलाशी, प्रवीणशी, हळू आवाजात बोलला. घरी आल्यावर प्रवीण म्हणाला, "आई, पायात काय नाय म्हणतात ते. तू टेन्शन घेतेस. त्याची गोळी दिलीय."

"मला कसलं टेन्शन रं?"

"ते आता मी काय सांगू."

ती गोळी घेऊन सुंदरा दिवसभर पेंगायची, आणि पेंगतानाही अंगठा दुखायचा. मग तिने गोळ्या बंद केल्या, आणि औषध धड घेत नाही हा आणखी एक आळ तिच्यावर आला.

यातली सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे पायाकडे बघून काहीच दिसत नसे. सूज नाही, लाली नाही, जखम नाही. नखाखाली बारीक निळसर झाक होती, पण पाय उजेडाकडे धरून ती दाखवावी लागे, आणि चिखलात राबणाऱ्या बाईच्या नखावर कसली तरी झाक असायचीच. लोक पायाकडे बघत आणि मग तिच्या तोंडाकडे. गोधडीची कड अंगठ्याला लागली तरी ती उठून बसायची. उन्हात बसली की मात्र बरं वाटायचं. "कामाच्या येळंला दुखतं आन् उन्हात बसली का थांबतं," असं कोंडाजी म्हणायचा. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तिला उत्तरही देता यायचं नाही.

कोंडाजी वाईट माणूस नव्हता. तो तिला सगळीकडे घेऊन गेला होता, कर्जतला, पनवेलला, एकदा तर माथेरानच्या पायथ्याशी पाला बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याकडेही. पण प्रत्येक ठिकाणी 'काही नाही' ऐकून त्याचा धीर संपला होता. आणि धीर संपला की तो चारचौघांत बोलायचा.

यंदाच्या लावणीलाही तो असाच बोलला. डोंगराकडच्या वाडीवरून आवडी आणि तिच्यासोबतच्या बायका मजुरीला आल्या होत्या. सकाळचं पाणी गार होतं. सुंदराने चिखलात थोडी रोपं लावली आणि ती बांधावर येऊन बसली. कोंडाजी वरच्या खाचरातून ओरडून म्हणाला, "हिला पाट टाकून द्या गं बांधावर. मालकीणबाई हाय, ती नुस्ती बघंल."

एकदोघी हसल्या. आवडी हसली नाही, तिने मान खाली घालून मूठभर रोपं सारखी केली. सुंदरा उठली, परत चिखलात उतरली आणि तोंडात पदराचा बोळा धरून खाचराच्या टोकापर्यंत लावत गेली. वर आल्यावर तिला उलटी झाली. "पित्त झालं," कोंडाजी म्हणाला.

घरातलं काम मग सुनेवर येत गेलं. सुरभी खालापूरला, तहसील कचेरीसमोरच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. पहाटे उठून म्हशींचं दूध काढायचं, शेण भरायचं, डबे करायचे आणि स्कूटरवर निघायचं. प्रवीण खोपोलीच्या बाजूला कंपनीत होता, त्याच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे त्याच्या मदतीचा भरवसा नव्हता. सुरभी आधी तोंडातून ब्र काढत नसे. पण एका संध्याकाळी दमून आल्यावर तिने बघितलं की गोठा तसाच आहे आणि सासू पायाला फडकं गुंडाळून चुलीपाशी बसली आहे.

"आई, मला पण पाय हायत," ती म्हणाली.

सुंदराने मान वर केली. "मी काय मुद्दाम करते का गं?"

"मी कुठं तसं म्हटलं? पण एवढे डॉक्टर झाले. सगळे खोटे, आणि तुमी एकट्याच खऱ्या?"

सुंदराने फडकं सोडलं, गोठ्यात गेली आणि शेण भरायला लागली. सुरभी मागून आली, तिच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं आणि स्वतः भरू लागली.

भातकापणी उरकली, गारठा पडायला लागला. एका रविवारी दुपारी सुंदरा ओटीवर आडवी झाली होती. चांगली झोप लागली होती, घोरत होती. सुरभीने फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि ती पलीकडे चालली होती. बाटलीला बाहेरून पाणी सुटलं होतं. त्यातले थेंब सुंदराच्या उघड्या पायावर पडले.

सुंदरा झोपेतच किंचाळली. पाय असा झटक्यात वर घेतला की गुडघा भिंतीवर आपटला. ती उठून बसली तेव्हा तिचे डोळे अजून धड उघडले नव्हते, पण दोन्ही हात अंगठ्याभोवती गेले होते आणि कपाळावर घाम फुटला होता. मग तिला समोर सुरभी दिसली आणि तिने हात घाईने बाजूला केले.

"काय झालं, आई?"

"काय नाय. सपान पडलं."

"सपान नाय. माझ्या बाटलीचं पाणी पडलं."

"तू जा, तुझं काम कर."

सुरभी गेली नाही. बाटली बाजूला ठेवून ती सासूच्या पायाशी बसली. इतकी वर्षं एका घरात राहून तिने तो पाय कधी जवळून बघितला नव्हता. वाकडं नख, त्याच्याखाली फिकट निळा डाग. तिने बोट पुढे केलं तसा सुंदराने पाय मागे घेतला, आणि तिच्या तोंडावर जी भीती आली ती बघून सुरभीने बोट आवरलं.

संध्याकाळी तिने प्रवीणला सांगितलं, "झोपलेलं माणूस नाटक कसं करंल? आणि वर मला म्हणाल्या, सपान पडलं. आता त्या लपवतायत, कळतंय का तुला?"

"मग काय करायचं म्हणतेस? सगळे डॉक्टर तर झाले."

"अजून एक होऊ दे. ह्या वेळी मी जाते."

खोपोलीला एक तरुण हाडांचा डॉक्टर नव्याने बसायला लागला होता. सुरभीने सुट्टी काढून सासूला तिथे नेलं. सुंदरा यायला तयार नव्हती. वाटेत स्कूटरवर मागे बसून ती म्हणत राहिली, "परत तेच इचारणार. कधीपासून दुखतं, कसं दुखतं. आन् मग काय नाय म्हणून लावून देणार."

डॉक्टरने खरंच तेच विचारलं. सुंदरा खिडकीबाहेर बघत बसली. तेव्हा सुरभी बोलली, "गार पाण्याचा एक थेंब पडला तरी ह्या ओरडतात, डॉक्टर. झोपेतसुद्धा. उन्हात बसल्या की थांबतं."

डॉक्टरने लिहिणं थांबवलं. "हे आधी कोणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगितलं," सुंदरा म्हणाली. "सगळे म्हणले, मोजे घाला."

डॉक्टरने टेबलावरून एक टाचणी घेतली आणि तिच्या बोथट डोक्याने नखावर हलकेच टेकत गेला. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. पुढच्या ठिकाणी टाचणी टेकली आणि सुंदराने खुर्चीचा हात घट्ट पकडला, डोळ्यांतून पाणी आलं. केसाएवढ्या अंतरावर पुन्हा काही नाही. मग त्याने रक्तदाब मोजायचा पट्टा तिच्या पोटरीला बांधून हवा भरली, थोडं थांबला आणि टाचणी पुन्हा त्याच जागी टेकवली. सुंदराने दात आवळून धरले होते. पण कळ आलीच नाही.

"आता?"

"आता नाय दुखत," ती म्हणाली. तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. "असं का?"

"रक्त थांबवलं म्हणून. माझा अंदाज आहे की नखाखाली एक बारीक गाठ आहे. रक्तवाहिन्यांची. आपल्या बोटांच्या टोकाला थंडी-उष्णता सांभाळणाऱ्या नाजूक वाहिन्या असतात, त्यांचीच गाठ होते कधीकधी. बहुतेक वेळा हाताच्या बोटाला होते. पायाला फार क्वचित. मी पायात अजून बघितलेली नाही, फक्त वाचलंय. एमआरआय करू."

बाहेर आल्यावर सुंदरा स्कूटरपाशी उभी राहिली आणि रडली. सुरभीला वाटलं, भीतीने रडते. पण ती म्हणाली, "नख काडलं तवा तो आधीचा डाक्टर गाठीपाशीच पोचला होता गं. बरोबर तिथंच."

घरात 'गाठ' हा शब्द गेल्यावर सगळंच पालटलं. कोंडाजीला जेवण जाईना. त्याच्या थोरल्या भावाला पोटात गाठ झाली होती, तो त्यातच गेला होता. कोंडाजी सकाळी स्वतः गोठा धुवायला लागला. चहाचा कप सुंदराच्या हातात आणून द्यायला लागला. विमलबाई येऊन तिचा हात धरून बसली. सुंदराला हे सगळं गोड वाटायला हवं होतं, पण तिला चीड येत होती. दुखणं कालच्याएवढंच होतं. कालपर्यंत ते खोटं होतं, आता सगळे ती मरणार म्हणून खरं धरत होते.

मग पनवेलला एमआरआय झाला, त्याचा रिपोर्ट आला. त्यात पायात विशेष काही नाही, असं होतं.

परत येताना कर्जत मागे पडल्यावर गाडीत प्रवीण म्हणाला, "आई, आता पुरे. मशीनमध्ये पण काय नाय."

कोंडाजीने सुटकेचा मोठा श्वास टाकला, आणि दुसऱ्या सकाळी गोठा धुवायला तो उठला नाही.

सुरभी तो रिपोर्ट घेऊन एकटीच खोपोलीला जाणार होती. सुंदरा म्हणाली, "मी येते. मला एकच बोलायचं हाय त्या डाक्टरशी."

डॉक्टरसमोर बसल्यावर तिने पाय उचलून स्टुलावर ठेवला. "माझा अंगठा काडून टाका," ती म्हणाली. "गाठ नसंल तर नसू दे. मशीन खोटी नसंल. मीच खोटी असंन. पण अंगठा काडा. मला नाय पायजे."

सुरभी तिच्याकडे बघत राहिली. डॉक्टरने फिल्म उजेडात धरली, बराच वेळ निरखली. "त्यांनी पूर्ण पायाचा काढलाय," तो म्हणाला. "एवढी बारीक गोष्ट त्यात सुटून जाते. मला फक्त अंगठ्याचा हवाय, वेगळ्या पद्धतीने. चिठ्ठीत मीच ते नीट लिहायला हवं होतं. मी त्यांच्याशी फोनवर बोलतो. आणि अंगठा मी काढणार नाही, मावशी."

"परत जायचं?"

"परत जावं लागेल."

"आन् परत काय नाय निघालं तर?"

"तरी मी नख बाजूला करून बघेन. टाचणीने जे दाखवलं ते मला खोटं वाटत नाही."

सुंदराला ते वाक्य वाटेत, घरी, झोपताना पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. पण परत जायच्या दिवशी ती इतकी वैतागली होती की घरातून निघताना तिने चप्पल फेकून दिली आणि सुरभीला ती अंगणातून उचलून आणावी लागली. प्रवीणला सुट्टी मिळाली नाही. कोंडाजी म्हणाला, "मला डेअरीवर काम हाय." त्या दोघीच बसने आणि पुढे रिक्षाने गेल्या. मशीनच्या त्या खडखडाटात पाय न हलवता पडून राहताना सुंदरा मनातल्या मनात म्हणत होती, असू दे. काहीतरी असू दे. आपल्याच अंगात गाठ निघावी म्हणून आपण देवाला आळवतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. तरी ती आळवत राहिली.

या वेळी गाठ दिसली. नखाखाली, हाडाला चिकटून, एक पांढरा ठिपका. डॉक्टरने या गाठीला ग्लोमस ट्यूमर म्हणतात असं सांगितलं आणि लगेच म्हणाला, "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. काढली की झालं."

रिपोर्ट दाखवायला खोपोलीला या वेळी कोंडाजी सोबत आला होता. बाहेर आल्यावर त्याने कपाळ पुसलं. "साधीच हाय म्हणला. उगा जिवाला घोर लावला."

सुंदरा रस्त्यातच थांबली. "कोणी लावला घोर?"

"तसं नाय गं. बरं झालं, असं म्हणतोय."

"साधी म्हंजे काय? साधी म्हंजे दुखत नव्हती का?"

शेजारून टेंपो गेला, त्याच्या आवाजात कोंडाजीला ऐकू आलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं.

ऑपरेशन अंगठा बधिर करून झालं. सुंदरा जागी होती, मधे हिरवा कपडा लावलेला, पलीकडचं काही दिसत नव्हतं. शेवटी डॉक्टरने तिला एक छोटी बाटली दाखवली. आत तांदळाच्या कणीएवढं, फिकट लालसर काहीतरी होतं. ती बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने मनात त्या दुखण्याचा आकार ठरवून टाकला होता. निदान आवळ्याएवढं तरी असेल, कोणालाही लांबून दिसेल असं.

बाटली तपासायला पाठवण्याआधी कोंडाजीनेही बघितली. तो बारीक डोळे करून वाकला. "एवढीशी?" तो म्हणाला. "हिच्यापायी एवढं?"

सुरभी पटकन म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसा."

तपासणीचा निकालही तसाच आला, साधी गाठ, पूर्ण निघालेली. टाके वाळले. अंगठा काही दिवस ठणकला, पण तो ठणका वेगळा होता, जखमेचा, आणि तो रोज कमी होत गेला. एका सकाळी सुंदरा गोठ्यात गेली, बादली उचलली आणि मुद्दाम पायावर पाणी ओतलं. पाणी गार होतं, एवढंच. तिने आणखी ओतलं. मग ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. आनंद होईल असं तिला वाटलं होतं. पण राग दाटून आला. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कुठे गेली?

घरात सगळं पूर्ववत झालं. लोकांना दुखण्याचा जसा कंटाळा आला होता तसा बरं झाल्याचाही लवकरच आला. प्रवीणने एकदा "बरं वाटतंय ना?" विचारलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. सुरभी मात्र एका संध्याकाळी भांडी घासताना म्हणाली, "आई, मी त्या दिवशी बोलले ते..." सुंदरा म्हणाली, "राहू दे. तूच नेलंस." आणि तिला ते मनापासून वाटत होतं.

पण डेअरीवर दूध घालायला गेली असताना तिने कोंडाजीला बाहेरच्या बाकड्यावर लोकांना सांगताना ऐकलं. तो करंगळीच्या नखाचं टोक दाखवत होता. "एवढीशी कणी. हिनं सगळा रायगड फिरवला मला." लोक हसत होते. तोही हसत होता, मोकळ्या मनाने, संकट टळलेल्या माणसासारखा.

ती घरी आली. तो मागून आला तेव्हा ती ओटीवर बसली होती.

"तुमी डेअरीवर काय सांगत होता?"

"काय? ते होय. गंमत गं."

"मला नाय वाटली गंमत."

कोंडाजी टोपी काढून खुंटीला लावत होता. "मग मी काय करायला पायजे होतं, सांग. डाक्टरांनाच नाय कळलं. मी काय डाक्टर हाय? नेलं नाय का तुला सगळीकडं?"

"नेलंत. डाक्टरला नाय कळलं, ते त्यांचं त्यांना. मी तुमाला सांगत होते. मी तुमची बायको. माझं तुमाला खरं का नाय वाटलं?"

कोंडाजी खुंटीपाशी उभाच राहिला. सुंदराला वाटलं, आता चिडेल आणि निघून जाईल, नेहमीसारखा. पण तो येऊन पायरीवर बसला, तिच्याकडे पाठ करून, अंगणाकडे बघत. मग म्हणाला, "कसं दुखायचं?"

हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. सुंदराने सांगायला तोंड उघडलं. "जाळ लागल्यासारखं," ती म्हणाली. मग थांबली. "नाय, जाळ नाय. सुई... नखात सुई घालून कोणी फिरवावी, तसं. तसं पण नाय." तिने अंगठ्याकडे बघितलं. अंगठा गप्प होता. तिला आठवेना. गव्हाणीचा कठडा आठवत होता, तोंडातला पदराचा बोळा आठवत होता, पण ती कळ नेमकी कशी होती ते तिच्या अंगातून निघून गेलं होतं. ज्या दिवशी कोणी ऐकायला बसलं त्याच दिवशी सांगायला काही हाती लागत नव्हतं, आणि त्याचा तिला इतका संताप आला की डोळे भरून आले.

गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या. दूध काढायची वेळ झाली होती. कोंडाजीने तिकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात टेकले.

"बसा," सुंदरा म्हणाली. "सुरभी काडंल दूध. बसा, मी आठवते."

तो बसला.